करवंदाचा केक आणि चार घरांचा भूकंप

बेकिंग अवघड असतं असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्याला सरळ माझ्याकडे पाठवून द्या! मैदा, साखर, अंडी, लोणी. घुसळायचं, ओतायचं, भाजायचं. संपलं! त्यापेक्षा भाकरी थापायला जास्त अक्कल लागते. मला भाकरी थापता येत नाही, हा भाग वेगळा.

मी फौजेत होतो. तिथे आमच्या ब्रिगेडियरसाहेबांच्या वाढदिवसाला स्ट्रॉबेरीचा तीन मजली केक झाला होता आणि त्यात माझा मोठा वाटा होता. हे मी वस्तीवर इतक्यांदा सांगितलंय की शेंबडी पोरंसुद्धा पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणतात. आता वाटा म्हणजे, तो केक बेकरीपासून मेसपर्यंत माझ्या ट्रकमधून गेला होता. डोंगरातला रस्ता, खड्डे, तरी एक मजला ढळला नाही! ही कामगिरी काय थोडी झाली?

आमची वस्ती कोयनानगरच्या अलीकडे, घाटाच्या एका वळणावर. चार चुलत घरं एका ओळीत. भिंतीला भिंत, वर एकच लांबलचक आढं आणि त्यावर पत्रा. पहिल्या घरात कोणी शिंकलं की चौथ्या घरातून आवाज येतो, "काढा घे रं!" आणि आमच्याकडे जमीन हलते, हे तुम्ही ऐकलं असेलच. बाहेरच्यांना त्याची फार धास्ती, आम्हाला सवय. मांडणीवरची भांडी वाजायला लागली की हातातलं काम टाकायचं, पोर काखोटीला मारायचं आणि समोरच्या खळ्यात जाऊन बसायचं. आरडाओरडा नाही. जमीन थांबली की आकडा कळेपर्यंत किती मोठा होता यावर थोडी भांडणं करायची आणि मग परत आत यायचं. वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, सदुसष्टचा मोठा भूकंप ऐन तारुण्यात बघितलेला आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि भूकंपाची थट्टा कोणी केली तर काठी उचलतात.

तर झालं असं, की पेन्शनीत निघाल्यावर मी घरामागचा गोठा पाडून तिथे दोन खोल्या बांधल्या. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या म्हणून. आतच संडास-बाथरूम, भिंतीला गिझर, खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. खोल्या झाल्या झकास. पण गोठ्यात चांदी होती! चांदी म्हणजे तात्यांची म्हैस. तिची रवानगी झाली कळकाच्या आणि प्लॅस्टिकच्या मांडवात, आणि तिच्यामागोमाग तात्यांनीही आपली बाज उचलून तिथेच टाकली. माझ्याशी बोलणं बंद! शेवटी बायकोने, राजनंदिनीने, मध्ये पडून तह घडवला.

"पयलं पावनं येऊ देत," तात्या म्हणाले. "खूस होऊन गेलं तर खोल्या तुज्या. पर रुसून गेलं, न्हाईतर ठरल्याआदी पळून गेलं, तर त्याच दिवशी माजी चांदी आत. दोनी खोल्यांत!"

"एका म्हशीला दोन खोल्या कशाला, तात्या?"

"एक बसायला. एक रवंथ कराया."

आणि पहिलं बुकिंग आलं! सांगलीचं जोडपं. जयराव आणि उत्कर्षा. शुक्रवारी संध्याकाळी येणार, रविवारी दुपारी जाणार. फोनवर उत्कर्षाताई म्हणाल्या, "काका, नाश्त्याला काय असतं हो तुमच्याकडे? मी नाश्त्याचे व्हिडिओ करते. फ्रेश बेरीज आणि घरी बेक केलेलं काही मिळालं तर फार छान होईल."

"मिळालं तर?" मी म्हणालो. "अहो ताई, आमच्याकडं रोज तेच असतं!"

शेजारी राजनंदिनी मेथी निवडत होती. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"रोज काय असतंय?" फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

"केक. बेरीचा."

"आपल्याकडं भट्टी हाय का? साचं हायत का? तुमाला साधा रवा भाजाय सांगितला तर कढई टाकून द्यावी लागली, इसरला का? सरळ घावन घालू, पोहं करू. पावनं काय उपाशी ऱ्हात न्हाईत."

"घावन खायला कोणी सांगलीहून येतं का? तू बघ फक्त!"

शुक्रवारी मी मोहीम काढली. पाटणकडच्या एका दोस्ताच्या मळ्यातून शेवटच्या तोड्याच्या स्ट्रॉबेऱ्या आणल्या. बांधावरच्या झाडाची तुती झोडपली. मग वर डोंगरात जाऊन डबाभर करवंदं तोडून आणली. तुम्ही म्हणाल, करवंदं कशाला? अहो, काळी, गोल, आंबटगोड, झुडपाला लागतात. बेरी म्हणजे याहून वेगळं काय असतं? इंग्रजाने आमच्या डोंगरात करवंद खाल्लं असतं तर बेरीचं नावही काढलं नसतं!

"चिकाची हायत ती," राजनंदिनी म्हणाली. "निम्मी अजून कच्ची तोडलीसा. रातभर पाण्यात तरी टाका."

"बेकिंगमध्ये चीक जळून जातो," मी सांगितलं. हे शास्त्र मी जागेवरच तयार केलं होतं.

संध्याकाळी पाहुणे आले. खोली आवडली. खिडकी आवडली. उत्कर्षाताईंनी चांदीबरोबर फोटोसुद्धा काढला. तात्यांनी जयरावांना एवढंच विचारलं, "रविवारपातूर टिकताय न्हवं?" आणि जयराव उगाचच घाबरले. ते जरा हळव्या काळजाचे दिसले. पालीला बघूनही दोनदा बाहेर आले.

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. भट्टीची सोय परसातल्या चुलीवर. मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर कडं, कड्यावर ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. साचे म्हणून चारही घरांतल्या स्टीलच्या वाट्या गोळा केलेल्या. आता फक्त घुसळायचं राहिलं. मोबाईलमधली बाई दोन अंडी फोडून चिमूटभर काय काय घालत होती. पण मला फौजेचा अंदाज! थोडं करायची सवयच नाही. मी शेजारच्या रंगुकाकीच्या कोंबड्यांनी आठवडाभर घातलेली सगळी अंडी, मैद्याचा डबा, साखर, घरचं लोणी असं सगळं तांब्याच्या हंड्यात ओतलं आणि वरून फळंही लोटली. फळं शेवटी घालायची, असं ती बाई म्हणत होती. पण शेवटी आणि आधी यात पोटाला काय कळतं?

चमच्याने हे प्रकरण हलेना. पळीने हलेना. पळी आत उभी केली तर तशीच उभी राहिली.

मग माझं लक्ष गेलं इलेक्ट्रिक रवीकडे. ताक करायला राजनंदिनीसाठी मीच आणली होती. वर मोटार, खाली रवी. ती पातेल्यावर बसवायची असते, पण हंड्याचं तोंड मोठं, बसणार कशी? आमच्या स्वयंपाकघरात मधोमध खांब आहे. जुन्या काळी ताक करताना रवी दोरीने त्याच खांबाला बांधायचे. आज्जीने बांधली, आईने बांधली, मग मी का नको? सुंभ घेतला आणि ती मोटार खांबाला करकचून आवळली, ट्रकवरचा माल बांधताना आवळत होतो तशी! बटण फुल्लवर फिरवलं.

तुम्हाला आता कळलं असेल, पण मला तेव्हा कळलं नाही. तो खांब सरळ आढ्याला जाऊन भिडतो आणि आढं चारही घरांचं एकच आहे.

मोटार घुर्रर्र करून फिरली. मैद्याच्या चिखलात रवी अडली, खांब थरथरला. आढं थरथरलं. पत्रा थडथडायला लागला. कच्ची करवंदं हंड्याला आतून ठणाठण आपटत होती. आणि मग मांडणीवरचे तांबे, पेले, ताटल्या एकदम वाजायला लागल्या!

शेजारून रंगुकाकीचा आवाज आला, "हालली गंऽऽ!"

झालं! डोक्याने विचार करायच्या आत माझे पाय उंबऱ्याबाहेर होते. मी सगळ्यांच्या आधी खळ्यात पोचलो. अगदी पहिला! बायको आतच आहे हे मला तिथे बसल्यावर आठवलं. हे वाक्य तिने वाचलं नाही तर बरं होईल.

मागोमाग चारही घरं बाहेर आली. रंगुकाकी कोंबडी काखेत घेऊन आली. कोणी दात घासता घासता आलं, कोणी अर्धी वेणी घालून. जयराव आले ते टॉवेलवर, डोक्याला साबण तसाच, डोळे मिटलेले, हात पुढे. उत्कर्षाताई एका हाताने त्यांना ओढत होत्या आणि दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढत होत्या.

आणि भूकंप थांबेचना!

आमचा भूकंप म्हणजे 'आला' म्हणेपर्यंत गेलेला असतो. हा सुरूच! पत्रा वाजतोय, भांडी वाजतायत. आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय. अशा वेळी नेहमी शांत बसणारी माणसं, पण आता तोंडं उतरली.

"असला लांबडा कवा बगितला न्हवता बाई," रंगुकाकी म्हणाली. तिने कोंबडी घट्ट धरली.

"तरी बरं, इथं खळ्यात काय जाणवत न्हाई," कोणीतरी म्हणालं.

"माती भुसभुशीत हाय न्हवं," मी खुलासा केला. "धक्का पिऊन घेती."

लोकांनी माना डोलावल्या. मग एकदम सगळं थांबलं. दारातून राजनंदिनी सावकाश बाहेर आली. तिच्या केसांत मैदा, कपाळावर तुती. माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली,

"थांबिवला."

"काय?"

"भूकंप."

आणि पदराआडून तिने मला वायरीची पिन दाखवली.

माझ्या पायाखालची जमीन तेव्हा खरी सरकली. "कोणाला बोलू नको," मी कुजबुजलो.

"मी कशाला बोलू? तुमीच बोला. लोकं उनात बसल्यात."

मी बोलणारच होतो, शप्पथ! पण चारी घरं माझ्याकडे बघत होती. ब्रिगेडियरचा केकवाला उदयसिंह! उद्यापासून मला 'रवीवाला' म्हणाले असते, आणि आमच्याकडे ठेवलेलं नाव माणूस मेल्यावरही मरत नाही. वर तात्यांची काठी.

तेवढ्यात जयराव ओरडले, "उत्कर्षा, बॅगा भर! आपण निघतोय!"

"अहो, पण नाश्ता..."

"नाश्ता कराडात करू! दुसरा धक्का आला म्हणजे?"

माझ्या डोळ्यांसमोर चांदी माझ्या नव्या टाइल्सवर शेणाचा पो टाकताना दिसली. मी ताडकन उठलो. "जयराव! दुसरा येणार नाही!"

"कशावरून?"

"माझी गॅरंटी!"

भूकंपाची गॅरंटी आजपर्यंत सरकारनेही दिलेली नाही.

"तुम्हाला कसं कळतं?" जयरावांनी साबणाचा एक डोळा उघडला.

"अनुभव," मी म्हणालो. "आवाजावरून कळतं. हा एकटा होता. याच्यामागं कोणी नाही."

उत्कर्षाताईंनी फोन माझ्याकडे वळवला. "काका, हे परत एकदा म्हणा ना!" मी परत म्हटलं. दुसऱ्यांदा जास्तच चांगलं जमलं. जयराव टॉवेल सावरत खाली बसले. मी मनात म्हटलं, सुटलो!

पण सुटतो कसा? रंगुकाकीचा पोरगा नाथाजी भूकंप मोजायच्या केंद्रात आहे आणि त्या दिवशी त्याची सकाळची ड्यूटी होती. काकीने फोन लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर.

"नाथा, किती आला रं?"

"काय किती?"

"भूकंप!"

"आये, भूकंप न्हाई आला."

"हिकडं मी कोंबडी घेऊन खळ्यात बसलेय, आन तू म्हंतोस न्हाई आला? डोळं फुटलं का तुजं?"

"आगं, रेघ सरळ हाय! जरा बी हालली न्हाई!"

"मग तुजं मशीन बिघडलंया! हितं पत्रं उडायची बाकी ऱ्हायली. इचार उदयला! त्येला समदं कळतंय, त्येनं गॅरंटी दिलीया!"

मग नाथाजीचा बारीक आवाज आला, "मी येतो तिकडं."

आता आमच्या वस्तीचा एक रिवाज आहे. आकडा कळल्याशिवाय कोणी घरात जात नाही. केंद्रातून आकडा येतो, मग 'तरी मी म्हणलो हुतो' असं सगळे म्हणतात आणि मगच चुली पेटतात. आज आकडाच नाही! म्हणजे चुली नाहीत. ऊन चढायला लागलं, पोरं कुरकुरायला लागली. आणि तात्या? ते जागचे हललेच नव्हते. मांडवात बाजेवर बसून चांदीच्या पाठीवर हात फिरवत होते.

"तात्या, तुमी उठला न्हाई?" रंगुकाकीने लांबूनच विचारलं.

"चांदी उठली न्हाई," तात्या म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे काय? चांदी उठली न्हाई."

जनावराला भूकंप माणसाच्या आधी कळतो, हे मलाही ठाऊक होतं. विषय बदलायला हवा होता. मी ओरडलो, "नाश्ता! सगळ्यांनी इथंच बसा! आज सगळ्या वस्तीला माझ्याकडून बेरीचा केक!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आत पळालो. हंड्यातलं निम्मं पीठ हंड्यात होतं, निम्मं आढ्याला. हंड्यातलं वाट्यांत ओतलं आणि वाट्या वाळूच्या पातेल्यात लावल्या. वास काय सुटला म्हणून सांगू! उत्कर्षाताई चुलीपाशी येऊन व्हिडिओ काढायला लागल्या. "भूकंप होऊन गेला, तरी आमच्या काकांचा नाश्ता वेळेवर!" असं काहीतरी त्या बोलत होत्या. मी निखारे सारखे करत गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार आदर वाटला.

पहिला केक जयरावांना दिला. त्यांनी मोठा घास घेतला. चावला. अजून चावला. मग त्यांचे डोळे मोठे झाले आणि तोंड थांबलं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"म्म्म," जयराव म्हणाले.

"आवडला!" मी जाहीर केलं आणि बाकीचे केक सगळ्यांना वाटून टाकले.

चीक बेकिंगमध्ये जळून जात नाही. हे तुम्हाला कुठे सापडणार नाही, म्हणून सांगून ठेवतो. कच्च्या करवंदाचा चीक, त्यात साखरेचा पाक आणि मैदा, असा तो गोंद तयार झाला होता की सुताराने विकत घ्यावा! बघता बघता सगळं खळं गप्प झालं. ओठाला ओठ, दाताला दात. तुतीने तोंडं जांभळी पडलेली. पोरं बोटं घालून दात मोकळे करत होती. रंगुकाकी आयुष्यात पहिल्यांदा बोलायची थांबली. उत्कर्षाताईंनी आपला केक हळूच चांदीपुढे ठेवला. चांदीने हुंगला, एक सुस्कारा सोडला आणि तोंड फिरवलं.

तात्या उठले. "पानाची चंची आणतो," म्हणून घरात गेले. मला थांबवायचं होतं, पण माझेही दात चिकटलेले! ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या टोपीवर एक स्ट्रॉबेरी होती. आढ्यावरून पडलेली. त्यांनी बोटाने मला खूण केली. मी बोटाने दात सोडवत मांडवामागे गेलो.

"खांबाला काय बांदलंयस?"

"रवी," मी पुटपुटलो.

"भूकंपाची मस्करी करतोस व्हय?" ते हळू बोलले, म्हणून जास्त लागलं. "माणसं मेल्यात रं त्यात."

"मुद्दाम नाही केलं, तात्या. आधी मला स्वतःलाच कळलं नाही. मी तर पहिला पळालो." मला खरोखर लाज वाटली. काठी उचलली असती तर बरं झालं असतं.

तात्यांनी टोपीवरची स्ट्रॉबेरी काढली, बघितली, खाल्ली. "ही तेवढी बरी हाय," म्हणाले. मग घसा साफ केला. "हे बघ. पावनं रविवारपातूर ऱ्हातील, मी कुणाला काय बोलत न्हाई. पर एक खोली चांदीची."

"तात्या!"

"सांगू का रंगीला?"

"एक खोली चांदीची," मी म्हणालो.

"शबूद?"

"शब्द."

इतक्यात मोटारसायकल आली. नाथाजी! चेहरा पांढराफटक. आधी त्याने आपल्या आईचं जांभळं तोंड बघितलं आणि मटकन खालीच बसला. "आये! लागलंय का तुला?" मग बाकीची जांभळी तोंडं बघितली. त्याला वाटलं, भूकंपाने हे असं होतं.

"म्म्म!" म्हणून काकीने त्याच्या पाठीत एक घातली.

"उदयआप्पा," तो रडवेला होऊन माझ्याकडे वळला, "समद्या वस्तीला जाणवला आन माज्या मशीनला न्हाई! सोमवारी पुण्याचं सायेब यायचं हायत. म्हनतील, नाथाजी ड्यूटीवर झोपला हुता. मी आत्ताच फोन करून सांगतो, मशीन बंद पडलंय म्हणून. माजीच चूक असंल. काल मीच झाकण पुसलं हुतं."

त्याने फोन काढला. नंबर लावायला लागला.

आता सांगा, काय करणार? नाथाजी लहान असताना माझ्या खांद्यावर बसून जत्रेला आलेला पोरगा. त्याची नोकरी म्हणजे रंगुकाकीचा जीव. माझ्या एका केकपायी त्याच्या सरळ रेघेला बट्टा? मी दातांतलं करवंद जिभेने सोडवलं आणि ओरडलो,

"ठेव तो फोन! तुझं मशीन एकदम ठणठणीत आहे. भूकंप माझा आहे!"

मग सगळं सांगितलं. रवी, सुंभ, खांब, आढं. ब्रिगेडियरसाहेबांचा केक मी बनवला नव्हता, नुसता ट्रकमधून नेला होता, हेही ओघात सांगून टाकलं. त्याची गरज नव्हती, पण एकदा तोंड सुटलं की सुटलं.

रंगुकाकीचे ओठ पॉप करून उघडले आणि ती जी हसायला लागली, ती थांबेना. तिच्यामागे सगळी वस्ती. जांभळ्या तोंडांनी, चिकटलेल्या दातांनी हसत होती. नाथाजी हसत होता आणि डोळेही पुसत होता. जयराव तर आनंदाने उभेच राहिले, टॉवेलसकट. "म्हणजे भूकंप नव्हताच? मग राहतो की आम्ही!" फक्त उत्कर्षाताई नाराज. "काका, हे आधी सांगायचं ना! मी व्हिडिओ टाकला पण!"

हा गोंधळ चालला होता तेव्हा राजनंदिनीने कोणाला न विचारता चूल हातात घेतली होती. तांदळाच्या पिठाचे जाळीदार घावन, आणि उरलेल्या स्ट्रॉबेऱ्या हाताने कुस्करून, चांदीच्या घट्ट दुधात साखर घालून केलेलं शिकरण. गरम घावन, गार शिकरण! लोक मटामटा खायला लागले. जयरावांनी किती खाल्ले ते मी मोजले नाहीत, पण टॉवेलची गाठ दोनदा सैल केली. मीही खाल्ले. कोपऱ्यात बसून, खाली मान घालून. फार सुंदर झाले होते. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पाहुणे रविवारी दुपारी गेले. ठरल्या वेळेला, हसत, पुढच्या महिन्यात परत येतो म्हणून. मी लगेच तात्यांना गाठलं. "तात्या, आपल्या तहाप्रमाणे खोल्या माझ्या! आणि ते एका खोलीचं ठरलं होतं ते गुपित राखायचं म्हणून. गुपित मीच फोडलं. म्हणजे तो शब्द रद्द!"

तात्या चांदीचं दावं सोडत होते. "मी बोललो का कुणाला?"

"नाही."

"मग मी माजा शबूद पाळला. फौजी हायस न्हवं तू?"

मी खोलीचं दार उघडून दिलं.

दोन दिवसांनी उत्कर्षाताईंचा अभिप्राय आला. राजनंदिनीने तो खळ्यात बसून मोठ्याने वाचला. सगळ्या वस्तीसमोर! "जागा सुंदर. माणसं प्रेमळ. काकूंचे घावन आणि स्ट्रॉबेरीचं शिकरण, यासाठी परत परत यावं. काकांचा करवंदाचा केक आम्ही म्हशीला दिला. म्हैस हुशार आहे."

तेव्हापासून फोन थांबत नाहीत. खोली मात्र एकच उरलीय, त्यामुळे लोकांना नाही म्हणावं लागतं. दुसरी चांदीला मानवली आहे. खिडकीतून धरणाचं पाणी बघत ती तासन् तास रवंथ करते. बाथरूमचं दार तात्यांनी काढून टाकलं, तिला वळायला अडचण होते म्हणून. गिझर तेवढा मी अजून बंद ठेवलाय. पण थंडी जवळ आलीय, आणि परवापासून तात्या त्याच्या बटणाकडे फार प्रेमाने बघायला लागलेत.